घर बांधताना : ठेकेदाराचे कागद कसे तपासावेत?

प्रश्न : साताऱ्यात तळमजला अधिक एक असे १,१०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे. ठेकेदाराने गुमास्ता, उद्यम, जीएसटी आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोंदणीचा कागद दाखवला. ‘विमाही आहे’ म्हणतो. एवढ्यावर काम द्यावे का?

उत्तर : खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराची पात्रता ठरवणारा एकच असा परवाना महाराष्ट्रात नाही. त्यामुळे जो तो हाताशी असेल तो कागद पुढे करतो. गुमास्ता म्हणजे धंद्याची नोंद. उद्यम ही लघुउद्योगाची नोंदणी स्वयंघोषणेवर, फुकट आणि घरबसल्या मिळते. बांधकाम खात्याची नोंदणी सरकारी निविदांसाठी असते. तिच्यावरचा वर्ग आणि मुदत बघा, पण तुमच्या बीम-कॉलमची हमी त्यात नाही. ती जबाबदारी नकाशावर सही करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची, म्हणून त्याचा परवाना मात्र चालू हवाच. वायरिंग करणाराही परवानाधारक विद्युत ठेकेदार हवा. त्याच्या टेस्ट रिपोर्टशिवाय महावितरणची जोडणी अडते.

जीएसटी क्रमांक बराच बोलका असतो. १५ अक्षरांपैकी पहिली दोन २७ (महाराष्ट्र), पुढची दहा म्हणजे पॅन. जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर ‘पी’ असेल तर नोंदणी व्यक्तीच्या नावावर, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. करार ‘प्रायव्हेट लिमिटेड’शी आणि सहावे अक्षर ‘पी’, असे दिसले तर सही कोण करतोय ते आधी विचारा. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नोंदणी चालू आहे की रद्द झाली, विवरणपत्रे भरली जातात का, हेही दिसते.

खरा वेळ विम्यावर घालवा. पॉलिसी दोन लागतात. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’मध्ये बांधकामाचे नुकसान आणि शेजाऱ्याची पडलेली भिंत येते, ठेकेदाराचे मजूर येत नाहीत. त्यांच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी. रक्कम किरकोळ नसते : १५,००० रुपये मासिक वेतन धरले, तर ३० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई ७,५०० (निम्मे वेतन) गुणिले २०७.९८ (कायद्यात वयानुसार दिलेला गुणांक), म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. एवढी रक्कम लहान ठेकेदाराच्या खिशात नसली, की वारस तुमच्या दारात येतात.

मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नका. पूर्ण शेड्यूल (पॉलिसीचा तपशीलवार तक्ता) मागा आणि पॉलिसी क्रमांक विमा कंपनीकडून पडताळून घ्या. हप्ता कंपनीकडे जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही (विमा कायदा, कलम ६४-व्हीबी), म्हणून पावतीही बघा. शेड्यूलवर कामाचा पत्ता तुमच्याच प्लॉटचा हवा. जुन्या साइटची पॉलिसी नव्या गिऱ्हाइकाला दाखवणे सर्रास चालते. मग मजुरांची संख्या. हप्ता वाचवायला सहा मजूर दाखवलेले असतात आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सर-लिफ्टची पंधरा-वीस जणांची टोळी येते. ती ठेकेदाराची नसते, मुकादमाची असते. ‘उपठेकेदाराचे मजूर समाविष्ट’ हे कलम नसेल तर नेमका त्याच दिवसाचा दावा अडतो. दवाखान्याचा खर्चही बहुधा जादा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो.

मुदत काम संपेपर्यंतची हवी, आणि ‘ऑल रिस्क’मध्ये मालक म्हणून तुमचेही नाव हवे. निकृष्ट काम पुन्हा करण्याचा खर्च मात्र यातली कुठलीच पॉलिसी देत नाही. त्यासाठी बिलातून ५ टक्के रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा आणि ते करारात लिहा.

प्रश्न : सामान आमचे, फक्त मजुरी त्याची. ठेकेदार १८ टक्के जीएसटी मागतो. द्यावा का?

उत्तर : नाही. सुट्या (संकुलाचा भाग नसलेल्या), एकाच कुटुंबाच्या नव्या घराचे निव्वळ मजुरीचे काम जीएसटीमुक्त आहे. फक्त अशीच कामे करणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक नसला, तरी तेवढ्यावरून तो लबाड ठरत नाही. पण सिमेंट-स्टील तोच आणणार असेल, तर १८ टक्के बरोबर आहेत. ते पक्क्या बिलावरच द्या.