तुमचा ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डाइव्हिंगचा पहिला कोर्स, नुकताच झालाय. पहिल्या परदेशी डाइव्हिंगसाठी मालदीव, इजिप्त की बाली?

माझं मत बालीला, आणि त्यातही तुलांबेनला. तिथलं लिबर्टी हे जहाज 1942 मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं आणि किनाऱ्याला लावलं गेलं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की बोट लागतच नाही. काळ्या गोट्यांवरून टाकी पाठीवर घेऊन तोल सांभाळत चालायचं, तेवढाच काय तो त्रास. जहाजाचा वरचा भाग पाचेक मीटरवरच सुरू होतो, त्यामुळे तुमच्या कोर्सच्या 18 मीटर खोलीच्या मर्यादेत भरपूर बघून होतं. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटाला मात्र घाई नको, तिथले प्रवाह नवख्याची दमछाक करतात.

इजिप्तमधलं थिसलगॉर्म जहाज अफलातून आहे, आत मोटरसायकलीसुद्धा दिसतात. पण ते 30 मीटरपर्यंत खोल आहे. आधी अॅडव्हान्स्ड कोर्स करा.

मालदीवचे मांटा (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे) बघायचेत म्हणून तिथल्या हनिफारू खाडीचं बुकिंग करणार असाल, तर तिथे स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग. हे बरेच जण पैसे भरल्यावर वाचतात!

आणि परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा. एजंट काहीही म्हणो.