वर्षाला जेमतेम 25 तास चालणाऱ्या होडीचं सर्व्हिसिंग कधी करायचं?

तुमचा प्रश्न असा: राहता पुण्यात, होडी आंजर्ल्याच्या खाडीत. 16 फुटी फायबर, मागे 15 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन. महिन्यातून एखादी फेरी, वर्षाचे 25 तास. पुस्तिकेत '100 तास किंवा 1 वर्ष' लिहिलंय. मग 100 तास भरेपर्यंत, म्हणजे चार वर्षं, थांबलं तर चालेल का?

नाही चालणार. त्याच ओळीत 'जे आधी येईल ते' असंही असतं, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांच्या होडीला वर्षच आधी येतं. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटी, होडी शाकारायच्या आधी सर्व्हिसिंग करा. बहुतेक लोक नारळी पौर्णिमेच्या तोंडावर करतात, तिथेच चुकतं.

मीही तेच करायचो. माझी होडी देवबागला, कर्लीच्या खाडीत. एका वर्षी मोजून 18 तास चालली होती, म्हणून ऑगस्टमध्येही काही न करता तशीच पाण्यात ढकलली. दहा मिनिटांत इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक होत गेली आणि बझर वाजायला लागला. सुकती (ओहोटी) लागली होती, वल्हवत परत आलो तेव्हा हाताला फोड. खालचा भाग उघडला तर वॉटर पंपाच्या रबरी इम्पेलरची (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या चाकाची) पाती एकाच बाजूला वाकून तशीच आखडलेली, आणि एका पात्याचा तुकडा गायब. तो शोधायला मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला. वर पाण्याच्या वाटेत अडकून बसला होता. इम्पेलर झिजला नव्हता हो. बसून बसून मेला होता.

ऑइलचंही तसंच. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे जळणातून तयार होणारं पाणी आणि आम्ल उडून न जाता ऑइलमध्येच साचतं. ते ऑइल जून-जुलैभर आत राहिलं तर बेअरिंग त्यातच भिजत पडतात. म्हणून जुनं ऑइल मे महिन्यातच काढायचं आणि नव्या ऑइलवर इंजिन पाच मिनिटं चालवून मग झाकायचं. या इंजिनाला लागतं ते थोडंसंच, त्यात काटकसर कसली?

सगळ्यात जास्त लक्ष द्या गियर ऑइलकडे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या गियरपेटीचा खालचा स्क्रू काढून पहिलं घोटभर ऑइल पांढऱ्या कपात धरा. मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा दोषी असते तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी): पंख्यामागे (प्रोपेलरमागे) शाफ्टला गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून दर वेळी पंखा काढून मागे बघायचंच. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला.

पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसात ओलाव्याला काय तोटा! टाकी भरून ठेवू नका. उरलेलं ताजं असतानाच गाडीत ओतून संपवा. तुमच्या इंजिनाला कार्बोरेटर असेल तर नळी सोडून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

झिंक, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा, अर्धं खाल्लं गेलं की बदला, त्याला रंग मात्र कधीच लावू नका. स्पार्क प्लग काढून बघा. ठीक असतील तर मेकॅनिक म्हणतो म्हणून दर वर्षी नवे घालायची गरज नाही. इम्पेलर मी दर दोन वर्षांनी बदलतो, मग होडी चालो न चालो.

फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणं हे सर्व्हिसिंगमध्ये धरू नका, ते दर वेळी व्हायलाच हवं. पिंपात पाणी भरून इंजिनाचा खालचा भाग नीट बुडवायचा, पंखा काढलेला, गियर न्यूट्रलला, दहा मिनिटं चालवायचं. नंतर इंजिन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. तुम्ही पुण्यात असता तेव्हा हे कोण करणार हे आधी ठरवा. शेजारच्या कोणाला महिन्यातून दोनदा खाडीत एक चक्कर मारू दिलीत तर इंजिनाला बरंच वाटेल.

छोट्या इंजिनाला तासांचं मीटर नसतं, म्हणून मी झाकणाच्या आतून मार्करने ऑइलची आणि इम्पेलरची तारीख लिहून ठेवतो. तुमचं या वर्षीचं राहिलंच असेल तर पुढच्या मे महिन्याची वाट बघू नका, पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा गियर ऑइल तेवढं उघडून बघा. कपात काय रंग निघाला ते इथे लिहा. दुधाळ असेल तर सील बदलल्याशिवाय होडी फेरीला काढू नका.