आधी जुलैतलं कोकण बघून ये

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

"मावशी, मी लातूरची, वय चौतीस. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे. रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळतेय. पगार आताच्या दीडपट. जुलैअखेर उत्तर द्यायचंय, ऑक्टोबरात हजर व्हायचंय. मिस्टरांचे इथे गणिताचे क्लास आहेत. ते म्हणतात, 'तू ठरव, मी येतो.' मुलगा दुसरीत आहे. सासूबाई अडुसष्टच्या, गुडघे दुखतात, त्या काहीच बोलत नाहीत. कोकण मी एकदाच पाहिलंय, एका डिसेंबरात गणपतीपुळ्याला दोन दिवस. समुद्र पाहिला, मोदक खाल्ले, परत आलो. आता लोक सांगतात, पाऊस थांबत नाही, घरात साप निघतात, तिथली माणसं परक्याला जवळ करत नाहीत. मिस्टरांचं म्हणणं, होकार कळवून टाकू, पाऊस ओसरला की घर बघायला जाऊ. मला रात्री झोप येत नाही. अनोळखी मुलूख आधी ओळखायचा तरी कसा?"

प्रिय मुली,

पाऊस ओसरायची वाट बघू नका. याच महिन्यात जा, होकार द्यायच्या आधी जा, आणि चौघंही जा.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः उलटं केलं होतं. १९९१ साली बँकेच्या नोकरीत माझी बार्शीहून राजापूरला बदली झाली. मे महिन्यात एका रविवारी येऊन खोली ठरवली. बाजाराला लागून, स्वच्छ, हवेशीर, भाडं कमी. घरमालकांनी सगळं दाखवलं, एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. राजापुरात अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या आहेत, आणि पावसाचा जोर झाला की त्यांचं पाणी बाजारपेठेत शिरतं. गावात हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मला जुलैच्या एका पहाटे कळलं, पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा. शेजारच्या काकूंनी माझी ट्रंक त्यांच्या माळ्यावर चढवली आणि म्हणाल्या, "काय गो, विचारायचंस तरी कुणाला!" मी विचारलं नव्हतं, कारण मे महिन्यात विचारायचं सुचतच नाही.

तेव्हा कोकण ओळखायचं तर त्याच्या दोन अवघड टोकांना ओळखायचं. एक जुलै आणि दुसरं मे. डिसेंबरातलं कोकण सगळ्यांनाच आवडतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. जुलै तुला आत्ता बघता येईल. मे महिन्याबद्दल विचारावं लागेल, आणि लातूरच्या माणसाला ते नीट विचारता येईल. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या गावची तू. तुमच्याकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर पडतो. तरीही एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतो. जांभ्या दगडाचा मुलूख आहे, उतार तीव्र आहे, पडलेलं पाणी पऱ्या-वहाळांतून धावत समुद्राला मिळतं. म्हणून घर बघताना पहिला प्रश्न पावसाचा नको. "मे महिन्यात पाणी किती दिवसांनी येतं, विहीर आहे का, तिचा तळ कधी दिसतो?" हे विचार. घरमालकाला विचारच, पण शेजारच्या घरातल्या बाईला जास्त खोलात विचार. पाणी भरतं कोण, ते तिला माहीत असतं.

आता प्रवासाचं. तुमच्या लातूरवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग थेट तिथपर्यंत जातो. वाटेत तुळजापूर आहे, कोल्हापूर आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना एका दिवसात एवढा पल्ला झेपणार नाही, म्हणून कोल्हापुरात मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन होईल. दुसऱ्या दिवशी उजेडी आंबा घाट उतरा. २०२१ च्या जुलैत याच घाटात रस्ता खचला होता, तेव्हा निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघा. रेड अलर्ट असेल तर कोल्हापुरातच थांबा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल. हेही कोकण ओळखणंच आहे. पुढे आजारपणात, सणाला, लातूरला जायची घाई असेल तेव्हा मधे हा घाट असणार आहे.

मुक्काम समुद्रकाठच्या रिसॉर्टात करू नका. रत्नागिरी शहरात, एसटी स्टँडच्या आसपास साधं लॉज घ्या आणि कामाचे चार दिवस राहा, शनिवार-रविवार नको. सकाळी पाळीच्या वेळेला एमआयडीसीकडे जा, संध्याकाळी अंधारात परत या. कारखान्याची गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून तुला पायी किती चालायचंय, हे छत्री उघडून चालून बघ. जुलैत कोकणात छत्री नुसती वरून पुरत नाही, झड आडवी येते.

कारखान्यातही एक गोष्ट स्पष्ट विचारून घे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ असतो तो, आणि दर्याही खवळलेला असतो. मग मासळीच्या कारखान्यात या दोन महिन्यांत काम किती, पगार पूर्ण का, सक्तीची रजा देतात का? आणि ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडल्या की माल येईल तशी रात्रपाळी असते का? बंदीच्या दिवसांत गेलीस तर तिथल्या बायकांशी निवांत बोलता येईल. ऑगस्टनंतर त्यांना मान वर करायला फुरसत नसते. मिरकरवाड्याच्या बंदरावरही एक चक्कर टाक. नांगरलेल्या होड्या, जाळी विणत बसलेले खलाशी. तुझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर जे येणार, ते कुठून येतं ते दिसेल.

घराचं बघताना नाकावर विश्वास ठेव. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी घर बघायला जा. भिंतीचं कपाट उघड आणि वास घे. पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरव. खिडकीच्या वर पत्र्याची झडप आहे का बघ. पायऱ्या मोज. कोकणात घरं उतारावर असतात, रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट असते, आणि पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तरुण माणूस घसरतो तिथे, सासूबाईंचं काय! त्यांच्यासाठी तळमजला, रस्त्याला लागून, जवळ देऊळ, एवढं मिळालं तर भाडं हजार-पाचशे जास्त गेलं तरी दे. चिपळूणसारख्या गावात घर घ्यायचं असतं तर २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, तेच आधी विचारायला सांगितलं असतं. रत्नागिरीचा बराच भाग उंचावर आहे, पण खाडीजवळची जागा असेल तर उधाणाच्या दिवशी पाणी कुठे येतं ते बघ.

सापांचं. खोटा धीर देणार नाही, साप आहेत. त्यातलं फुरसं लहान असतं, जांभ्याच्या रंगात मिसळून जातं, आणि विषारी आहे. लाल विंचूही आहे. पण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून ज्या दंशाने पूर्वी लेकरं दगावायची, त्यातून ती वाचू लागली. फुरशाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात असतं. रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही, बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, दंश झालाच तर मांत्रिक नाही, थेट दवाखाना. घराजवळचं आरोग्य केंद्र कुठलं, रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे त्या चार दिवसांत स्वतः जाऊन बघ.

तुझ्या मुलाच्या बाबतीत मला सापापेक्षा समुद्राची जास्त काळजी वाटते. लातूरच्या पोराला भरती-ओहोटी माहीत नसते. गणपतीपुळ्याला बाहेरगावची माणसं बुडतात ती याच अज्ञानापायी. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही, एरवी तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय नाही. त्याला एक हिशेब शिकव, बाप गणिताचा आहे, त्यालाही आवडेल. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमीला सहा, अमावास्येला-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. पंचांग बघून भाट्याच्या किनाऱ्यावर लांबून पाणी कुठवर चढतं ते पडताळून पाहा. ज्याला समुद्राचं घड्याळ कळलं, तो मुलगा तिथे परका राहत नाही.

माणसांबद्दल तू जे ऐकलंस, ते मीही ऐकून गेले होते. कोकणी माणूस पहिल्या दिवशी गळ्यात पडत नाही, हे खरं. "कुठच्या तुम्ही?" विचारेल आणि गप्प बसेल. त्या गप्प बसण्याला तुसडेपणा समजू नकोस. राजापुरात पहिले आठ महिने मला वाटायचं की इथे मी कुणाचीच नाही. मग शिमगा आला. ढोल वाजत ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघाली, आणि ज्या काकूंनी ट्रंक माळ्यावर चढवली होती त्या सकाळीच येऊन म्हणाल्या, "ओटीचं तयार ठेव, पालखी तुझ्याकडे पण यायची आहे." भाड्याची खोली, मी एकटी, बार्शीची. तरी पालखी माझ्या दारात थांबली आणि गाऱ्हाणं घालताना माझं नाव घेतलं. मी उंबऱ्यात उभी राहून रडले होते. म्हणून सांगते, नारळ, तांदूळ, खण घरात ठेवत जा. शिमग्याला आणि गणपतीला रजा मागू नकोस, तेव्हा निम्मा कारखाना रजेवर असेल. तू थांबलीस तर ते लक्षात ठेवतील. तुझ्या मुलाच्या "करलालो"ला वर्गात पोरं हसतील, आणि तो त्यांच्या "मी येतंय"ला हसेल. पुढच्या दिवाळीपर्यंत तो दोन्ही बोलेल.

शाळेची धास्ती सोड. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पुढे आहे. एवढंच विचार की ऑक्टोबरात, वर्षाच्या मध्यावर, प्रवेश देतात का.

आता तुझ्या घरातल्या दोन माणसांबद्दल. "तू ठरव, मी येतो" हे तुझ्या नवऱ्याने प्रेमानेच म्हटलं असेल, पण त्याने सगळं ओझं तुझ्या डोक्यावर आलंय, आणि तुझी झोप त्यानेच उडालीय. उद्या रत्नागिरीत त्यांच्या क्लासला दहाच मुलं आली तर तुला वाटेल, मी यांचं बसवलेलं मोडलं. लातूर म्हणजे क्लासचं गाव, बाहेरच्या जिल्ह्यातली मुलं खोल्या घेऊन तिथे शिकायला येतात. रत्नागिरीत तसा बाजार नाही. म्हणून त्यांना स्पष्ट सांग: चार दिवसांत तुम्ही तुमचं बघा. दोन-तीन शाळा-कॉलेजांतल्या गणिताच्या शिक्षकांना भेटा, क्लासची फी काय, मुलं किती, विचारा, आणि मग तुमचं स्वतःचं "हो" किंवा "नाही" मला द्या. "नाही" निघालं तर या वर्षाची बॅच संपेपर्यंत त्यांनी लातूरला राहायचं, तू पुढे जायचं, असाही मार्ग आहे. सोपा नाही, पण कुणाच्या मनात अढी ठेवून एकत्र राहण्यापेक्षा मला तो बरा वाटतो.

सासूबाई गप्प आहेत, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नाही. तुझ्या पत्रात त्यांचे गुडघे आहेत, त्यांचं मत नाही. अडुसष्टाव्या वर्षी आपली गल्ली, आपलं देऊळ, दुपारी पायरीवर येऊन बसणाऱ्या चार बायका सोडून जायचं, हे तुझ्या नोकरी बदलण्यापेक्षा मोठं आहे. त्यांना "येता का" असं विचारू नकोस, "येते बाई" म्हणतील. त्यांना तिथे ने. सकाळी देवळात सोड आणि तासाभराने घ्यायला जा. बाजारात ज्वारी दाखव. ज्वारी मिळते तिथे, पीठ मात्र थोडं थोडं दळून आणावं लागेल, दमटपणाने ते खराब होतं. कुरडया-पापडांचे डबे मेणकापडात बांधायला शिकावं लागेल. कोकणात पावसाळ्याआधीच्या त्या भरण्याला आगोट म्हणतात, आणि त्यातलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळेल. तिथे त्यांच्या हाताला काम आहे, हे त्यांना स्वतःला दिसू दे.

घर अकरा महिन्यांच्या करारावरच घे, लातूरचं घर विकू नका, मोठं सामान पहिल्या वर्षी हलवू नका.

चार दिवसांनी घाट चढून परत येताना गाडीत कुणी काहीच ठरवू नका. घरी पोचून दोन रात्री झोप काढा, मग तिघं बसून बोला. आणि देवळातून आणायला गेलीस तेव्हा सासूबाई एकट्या बसल्या होत्या की कुणाशी बोलत होत्या, तेवढं मला नक्की कळव.

तुझी,
मावशी