निवृत्तांना पुन्हा कामावर बोलावताना

प्रश्न : भोसरीत माझा लहान कारखाना आहे. टूलरूममधील (साचे व हत्यारे बनवण्याच्या विभागातील) दोन फिटर गेल्या वर्षी निवृत्त झाले. पूर्वीच्याच पगारावर बोलावूनही ते येत नाहीत. काय चुकते आहे?

उत्तर : पगाराचा प्रश्न नसावा, तुम्ही त्यांना जुनीच पाळी देऊ केली आहे. तीस वर्षे पहाटेची बस आणि रात्रपाळी केलेला माणूस तोच दिनक्रम पुन्हा स्वीकारत नाही. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते तीन, एवढेच काम देऊ करा आणि उत्पादनाचा आकडा गाठायला लावण्याऐवजी डाय (साचे) जुळवणे, ट्रायल घेणे व नव्या मुलांना शिकवणे ही कामे सोपवा. मोजमापाच्या टेबलावर चांगला उजेड आणि बसायला उंच स्टूल हवे. शिवाय कालपर्यंत हाताखाली असलेल्या मुलाकडे रजा मागावी लागणार असेल, तर ते येणार नाहीत आणि त्याचे कारणही सांगणार नाहीत. हे सारे कागदावर लिहा आणि निरोप न धाडता स्वतः त्यांच्या घरी जा.

प्रश्न : वय ५९. ईपीएस-९५ची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन सुरू आहे. नोकरी धरली तर ती थांबेल का?

उत्तर : नाही. ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळू लागलेली पेन्शन नव्या नोकरीमुळे बंद होत नाही. मात्र त्या वयानंतर पेन्शन योजनेत भरणा होत नसल्याने तिच्यात वाढही होत नाही. निवृत्तीच्या वेळी पीएफची संपूर्ण रक्कम काढली असेल, तर पुन्हा सदस्य होणे बंधनकारक नाही. रुजू होतानाच हे लेखी कळवा, कारण कार्यालये सवयीने पीएफची कपात सुरू करतात.

प्रश्न : वय ६३, लेखा विभागातून निवृत्त. कंपनी ‘कन्सल्टंट’ म्हणून घेऊ म्हणते. मान्य करावे का?

उत्तर : आठवड्यातून एक-दोन दिवसांचे काम असेल तर जरूर करावे. परंतु साठीनंतर आगाऊ कर (वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा आयकर) भरण्यातून जी सूट मिळते, ती व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्यांनाच आहे आणि सल्ल्याची फी व्यवसायाच्या उत्पन्नात मोडते, हे तुमच्यासारख्या लेखापालांच्याही नजरेतून निसटते. रोजची हजेरी आणि साहेबांची परवानगी अपेक्षित असेल, तर ती नोकरीच आहे. तेव्हा नेमणूकपत्र आणि रजा मागून घ्या.