युक्रेनमध्ये रशिया फौज वाढवतच चाललाय. हे त्यांचं व्हिएतनाम ठरेल का?

तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत. एका बाजूला १९६५ नंतर अमेरिकेने व्हिएतनाममध्ये चढवत नेलेली फौज, दुसऱ्या बाजूला २०२२ पासून रशियाने युक्रेनमध्ये चढवत नेलेली. आलेख सारखा दिसतो, मग शेवटही तोच होणार का, असं विचारलंय. आलेख बघून काही कळणार नाही, हे माझं उत्तर. फौज किती वाढली ते सोडा. वाढलेला माणूस सकाळी उठून काय काम करतो ते शोधा.

हे वाचून सांगत नाहीये. १९८८ ते १९९० मी श्रीलंकेत होतो, भारताने तिथे पाठवलेल्या शांतिसेनेत. सिग्नल्सचा, म्हणजे वायरलेसवरून निरोप देण्याघेण्याच्या कामाचा माणूस, एका इन्फन्ट्री ब्रिगेडच्या हेडक्वार्टरला. माझ्या हातून रोज जे कागद जायचे त्यात एक 'पॅरेड स्टेट' असायचं. कुठल्या पल्टनीची किती माणसं हजर, किती सुट्टीवर, किती आजारी, किती कमी झाली. फौज वाढते म्हणजे नेमकं काय होतं, ते मी दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या कागदावर बघितलंय.

२९ जुलै १९८७ला कोलंबोत भारत आणि श्रीलंकेचा करार झाला. श्रीलंका सरकार आणि लिट्टे, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना, या दोघांच्या भांडणात पंच म्हणून आपण गेलो आणि ऑक्टोबरात लिट्टेविरुद्ध स्वतःच आखाड्यात उतरलो. सुरुवातीला एक डिव्हिजन होती. मग दुसरी, तिसरी, चौथी. ऐन भरात सत्तर-ऐंशी हजार माणसं तिथे होती आणि समोर लिट्टेची काही हजार पोरं. कागदावर हा सामनाच नव्हता.

आमचा इलाखा वन्नीचा, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तर टोकाला असलेल्या जाफन्याच्या दक्षिणेचं जंगल. तिथे सगळा खेळ रस्त्याचा. राशन रस्त्याने, पाणी रस्त्याने, डाक रस्त्याने, जखमींना हेलिकॉप्टर नाही मिळालं तर तेही रस्त्यानेच. आणि प्रत्येक रस्त्याखाली पाणी जायला मोऱ्या. मोरीच्या पाइपात स्फोटकं ठासून भरायची, तार शंभर-दोनशे मीटर झाडीत न्यायची आणि गाडी वर आली की बटण दाबायचं. तीन टनी गाडी उलटी होऊन शेतात पडलेली मी पाहिली आहे. म्हणून रोज पहाटे आरओपी निघायची, रोड ओपनिंग पार्टी. दोन्ही बाजूंनी जवान चालत जायचे, प्रत्येक मोरीत वाकून बघायचे, उकरलेली माती दिसते का बघायचे. मग ठरावीक अंतरावर जंगलाकडे तोंड करून बसायचं, शेवटची गाडी जाईपर्यंत. कधी दुपारी तीन, कधी पाच. संध्याकाळी उठून परत. रात्री रस्ता पुन्हा त्यांचा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिली मोरी.

१९८९च्या सुरुवातीला आमच्याकडे एक नवी पल्टन आली. त्या संध्याकाळी पॅरेड स्टेटमधला आकडा एकदम आठशेच्या आसपास वर गेला. ब्रिगेडमध्ये सगळे खूश. आता जंगलात घुसता येईल, त्यांच्या तळांपर्यंत जाता येईल, असं जो तो बोलत होता. मीही खूश होतो.

दोन आठवड्यांनी रात्रपाळीला मी सहज एका मेसेज पॅडच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडला. आठशेंतले सुट्टीवर, कोर्सवर, हॉस्पिटलात किती ते वजा केले. लंगर, गाड्या, स्टोअर, क्लार्क वजा केले. उरल्या चार रायफल कंपन्या. नव्या पल्टनीला बसवायला दोन नव्या पोस्ट उभ्या राहिल्या होत्या, त्यात एक कंपनी गेली. स्वतःचा कॅम्प आणि हेलिपॅड राखायला एक. त्या नव्या पोस्टना राशन-पाणी पोचवायचं म्हणजे चौदा किलोमीटर जास्तीचा रस्ता रोज उघडायचा, त्यात दीड कंपनी. राहिलेल्या अर्ध्या कंपनीला कधीतरी झोपही लागते. जंगलात जायला उरली एक प्लाटून, तीसेक माणसं. आठशे आले आणि तीस मिळाले. तोही रस्ता जर कापला गेला, तर तीही प्लाटून रस्त्यावरच येणार.

मी तो कागद आमच्या सुभेदार साहेबांना दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाले, "बेटा, यह हमको भी आता है." कागद दुमडून त्यांनी खिशात ठेवला.

त्यानंतर महिनाभरात त्याच चौदा किलोमीटरवर त्या पल्टनीचा एक जवान गेला. गाडीत काय होतं ते मला माहीत आहे, कारण इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, माझ्याच वायरलेस सेटवरून गेलं होतं. पीठ, कांदे, दुधाच्या पावडरचे डबे आणि डाकेची एक थैली. सगळं त्यांच्याच पोस्टचं. म्हणजे तो मुलगा ज्या पोस्टवर राहत होता, त्या पोस्टचं पीठ राखताना मेला, आणि ती पोस्ट होती ती त्याच्या पल्टनीला बसायला जागा हवी म्हणून. कॅज्युअल्टीचा मेसेज मीच वर दिला. गेलेल्या जवानाचा फौजी नंबर एकेक आकडा सुटा बोलायचा, मग पुन्हा पहिल्यापासून बोलायचा, पलीकडच्याने तो परत वाचून दाखवायचा. चूक होऊ नये म्हणून अशी पद्धत असते. पलीकडचा ऑपरेटर नवा होता, त्याने शेवटचे दोन आकडे उलटे वाचले. मी म्हटलं, परत वाच. तीन वेळा झालं ते.

त्या संध्याकाळच्या पॅरेड स्टेटमध्ये एक कमी झाला आणि पुढच्या आठवड्यात वरून आणखी माणसं मागितली गेली.

तुम्ही व्हिएतनाम विचारलंत तर हेच बघा. ८ मार्च १९६५ला दा नांगला साडेतीन हजार मरीन उतरले. कशासाठी? विमानतळ राखायला. विमानतळ राखायचा तर आजूबाजूचा पट्टा हवा, पट्टा हवा तर गावं हवीत, गावं हवीत तर रस्ते. वर्षअखेर आकडा १,८४,०००. १९६९च्या एप्रिलमध्ये ५,४३,०००. आणि एवढ्यांतला मोठा भाग स्वयंपाक, गोदामं, गाड्या, बंदरं आणि पहारे यातच होता. १९६८च्या टेट हल्ल्यानंतर, म्हणजे कम्युनिस्टांनी दक्षिण व्हिएतनामभर एकदम केलेल्या हल्ल्यानंतर, तिथल्या अमेरिकन सेनापतींनी आणखी २,०६,००० मागितले, तेव्हा कुठे वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी विचारलं की यांनी होणार काय. समाधानकारक उत्तर मिळालं नाही. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेचं तेच, लाखाच्या वर माणसं आणि त्यातली कितीतरी उत्तरेकडून काबूलला रसद आणणारा सालांग बोगद्याचा रस्ता चालू ठेवण्यात. पुढे २००९च्या डिसेंबरात ओबामांनी तिथेच तीस हजार वाढवले आणि त्याच भाषणात हे व्हिएतनाम नाही म्हणून तीन कारणं दिली. तिन्ही कारणं बरोबर होती. पण वाढलेला शिपाई सकाळी उठून रस्त्यातला सुरुंगच शोधत होता. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं.

आता युक्रेन. तिथे समोर गनिमी टोळी नाही, एका देशाचं अख्खं सैन्य आहे, हजार किलोमीटरहून लांब सलग आघाडी आहे. तिथे वाढलेला रशियन शिपाई खंदकात जातो, मेलेल्याची किंवा जखमी झालेल्याची जागा भरायला. फौज वाढतेय असं आकडा सांगतो, पण त्यातली किती भर आणि किती भरपाई, हे वेगळं काढल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हा व्हिएतनामचा हिशेब नाहीच, त्यापेक्षा पहिल्या महायुद्धाचा वाटतो. मागच्या ताब्यातल्या प्रदेशात रेल्वे आणि पूल राखायला किती गुंतलेत, तेवढाच भाग व्हिएतनामच्या जवळचा. दुसरा फरक घरचा. अमेरिकेत सक्तीची भरती होती, प्रत्येक मोहल्ल्यातून पोरगं गेलं, म्हणून रस्त्यावर आग लागली. रशियाने २१ सप्टेंबर २०२२ला तीन लाखांची भरती जाहीर केली आणि लाखो माणसं देश सोडून पळाली, तेव्हा सरकार शहाणं झालं. त्यानंतर भर राहिला तो पैसे मोजून करारावर माणसं घेण्यावर. ज्याच्या घरचा गेला त्याला रक्कम मिळते, बाकीच्यांना आवाज येत नाही. असं किती वर्षं चालतं हे मी सांगू शकत नाही, पण व्हिएतनामसारखं घरातूनच लवकर तुटेल अशी आशा धरू नका.

बस, तुमच्या प्रश्नाचं एवढंच. आता हा प्रश्न मला इतका का लागला ते सांगतो.

माझे एक चुलतभाऊ आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. तोफखान्यातले, १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर होते. घरात लग्न असो, बारसं असो, कोणाचा दहावा असो, पंगत उठली की तात्या चारचौघांत म्हणतात, "आम्ही तेरा दिवसांत देश मोकळा करून दिला, त्र्याण्णव हजार धरले. यांना अडीच वर्षांत एक जंगल साफ करता आलं नाही." आणि मग ठरलेलं वाक्य, "अजून दोन डिव्हिजनी दिल्या असत्या ना, संपलं असतं." पस्तीस वर्षं ऐकतोय. धाकटा म्हणून गप्प बसतो. माझ्या मुलांसमोर ऐकलंय, जावयासमोर ऐकलंय.

आता इथे मोकळेपणाने सांगतो. दोन काय, चार दिल्या असत्या तरी आणखी रस्ते उघडावे लागले असते, इतकंच. आम्ही लढाईत कमी पडलो नाही. ऑक्टोबर १९८७ला जाफना घेतलं, लिट्टेच्या धमक्या असताना १९८८ला उत्तर-पूर्वेत प्रांतिक निवडणूक पार पडू दिली. महारच्या आठव्या पल्टनीच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना परमवीर चक्र तिथेच मिळालं, मरणोत्तर. जवळपास बाराशे माणसं आपण तिथे ठेवून आलो. कमी होतं ते दुसरंच काहीतरी. तमिळ लोकांना वाटायचं आम्ही सिंहलींच्या वतीने आलोय. सिंहलींना वाटायचं देश गिळायला आलोय. करार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना राजीव गांधींवर तिथल्या नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता उगारला होता, आख्ख्या जगाने तो फोटो बघितला. आणि १९८९च्या जूनमध्ये ज्या देशाने बोलावलं त्याचेच राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा म्हणाले, २९ जुलैपर्यंत चालते व्हा. त्यांच्या सरकारने आमच्याविरुद्ध लिट्टेला हत्यारं पुरवली, हेही पुढे उघड झालं. अशा ठिकाणी कितवी डिव्हिजन उपयोगी पडते, तात्यांनी सांगावं.

१९७१चं मोठेपण मी नाकारत नाही, कधीच नाही नाकारलं. पण तिथे आपल्याला कोणाला हरवायचं ते पक्कं होतं, माणसं आपल्या बाजूची होती, आणि काम झाल्यावर १९७२च्या मार्चमध्ये आपली फौज परतही आली. आमच्या वेळी यातलं काय होतं? १९९०च्या २४ मार्चला त्रिंकोमालीहून शेवटचं जहाज निघालं, आणि तीन महिन्यांच्या आत तिथे लिट्टे आणि कोलंबोचं पुन्हा युद्ध सुरू झालं होतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी सिग्नल्सचा. माझं युद्ध म्हणजे एक सेट, एक बंकर आणि एका रस्त्याचा काही भाग. जाफन्याच्या लढाईत मी नव्हतो, तिथे होते त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं खरं धरा. आणि फौज वाढवणं दरवेळी फुकट जातं असंही मी म्हणत नाही. ज्या रस्त्यावर आधी अर्धी कंपनी होती तिथे पूर्ण कंपनी आल्यावर आमची माणसं कमी मेली, हे मी त्याच पॅरेड स्टेटमध्ये पाहिलंय. युक्रेनच्या आकड्यांबद्दल दोन्ही बाजू आपापल्या सोयीचं बोलतात, तेही लक्षात ठेवा.

येत्या महिन्यात घरात पुन्हा कार्य आहे. पुतण्याला सांगून ठेवलंय की पंगत उठल्यावर हे उत्तर तात्यांना मोठ्याने वाचून दाखव, त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून शेवटचं त्यांच्यासाठीच लिहितो.

तात्या, तुमचीच गोष्ट आहे, मी लहानपणी तुमच्या मांडीवर बसून ऐकलेली. तुमची तोफ भाताच्या खाचरात चाकापर्यंत रुतली होती, गाडीने ओढून निघेना, आणि रात्री आजूबाजूच्या गावांतली माणसं दोर घेऊन आली. कोणी बोलावलं नव्हतं. पहाटेपर्यंत त्यांनी तोफ पक्क्या रस्त्यावर आणून दिली आणि जाताना पाकिस्तानी चौकी कुठल्या झाडीमागे आहे तेही सांगून गेली. त्या रात्री तिथे किती माणसं होती, असं मी विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, मोजली नाहीत. तात्या, आमच्याकडे दोन वर्षांत दोर घेऊन कोणीही आलं नाही.