शिळ्या भाकरीचा कुस्करा, मायक्रोवेव्हमध्ये

पहिल्यांदाच करतेस ना, मग रात्रीच्या दोन ज्वारीच्या भाकरींपासून सुरुवात कर. भात-पोळीचं नंतर बघू, आणि कडक भाकरीचाही नाद सध्या नको.

भाकरी हातानंच कुस्कर. मिक्सरमध्ये पीठ होतं. मग चार-पाच चमचे ताक शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेव. नवी माणसं नेमकं हेच टाळतात. मायक्रोवेव्ह मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो. कोरडी भाकरी तशीच ठेवलीस तर ती चिवट होणारच.

फोडणीसाठी मायक्रोवेव्हला चालणारा काचेचा वाडगा घे. दोन चमचे तेल, मोहरी, कांदा, मिरची, हळद घालून साधारण तीन मिनिटं. स्टीलचं भांडं नको. प्लास्टिकच्या डब्यात तेल तर कधीच तापवू नकोस, ते पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि डबा वितळतो. वाडगा काढताना जाड फडकं धर.

आता कुस्करा आणि मीठ मिसळ. झाकण ठेवून एक मिनिट, हलवून परत अर्धा मिनिट. एकदम तीन मिनिटं लावू नकोस, कडा वाळतात.

आपली सोलापुरी शेंगाचटणी मात्र ताटात घेतल्यावरच वरून घाल, आत ती करपते. सोबत दही घे. उद्या सकाळीच करून बघ, जमेल तुला.