आयईपी केलाय म्हणे, पण सोमवारी काय करणार?

शाळा सुरू होऊन महिना झाला की मला येणारे प्रश्न फिरून फिरून एकाच कागदाभोवती येतात, तो म्हणजे आयईपी, दिव्यांग मुलासाठी शाळेने करायचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. यावेळी पाच प्रश्न घेतलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, बौद्धिक दिव्यांगत्व 60 टक्के. शाळेने चार पानांचा आराखडा दिला, सही करा म्हणाले, मी केली. आता वाटतंय वाचायला हवा होता. त्यात नक्की काय असतं? (तासगाव तालुका)

ताई, सही केली म्हणून काही बिघडलं नाही, ती काय सातबाऱ्यावरची सही नव्हे. उद्या जाऊन झेरॉक्स मागा, आणि देत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून घ्या.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली, तिथे 1975 च्या कायद्याने दिव्यांग मुलाचा आराखडा लेखी करणं आणि त्या बैठकीत पालकांना बसवणं शाळेवर बंधनकारक झालं. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या कलम 16 मध्ये आयईपी हा शब्द सापडणार नाही, पण मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे आधार द्यायचा आणि प्रत्येक दिव्यांग मुलाची प्रगती तपासत राहायची हे शाळेवर टाकलंय. आता कागदच नसेल तर प्रगती कशाशी ताडून बघणार?

तुमच्या चार पानांत पहिल्यांदा 'सध्याची पातळी' शोधा. तिथे 'वाचन येत नाही, गणित कच्चे' एवढंच असेल तर तो आराखडा तुमच्या मुलाचा नाहीच, तो कुणाचाही असू शकतो. 'दहापर्यंत वस्तू मोजतो, पण सातच्या पुढे गेल्यावर एकच वस्तू दोनदा मोजतो' असं असेल तर समजा की कुणीतरी त्याच्या शेजारी बसून बघितलंय. मग उद्दिष्ट बघा. 'गणितात सुधारणा होईल' हे उद्दिष्ट नव्हे, तो आशीर्वाद झाला. 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत 15 वस्तू बोट लावून मोजेल, पाचपैकी चार वेळा बरोबर' हे उद्दिष्ट. आणि मग कोण शिकवणार, कधी, कशाने, परत कधी बघणार. मी सगळ्यांना एकच विचारते, हा कागद वाचून सोमवारी वर्गात काय करायचं ते कळतं का? नसेल कळत तर पानं चार असोत की चाळीस.

यात मीही शहाणी नव्हते बरं का. नवीन असताना एका मुलीसाठी मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, 'वर्षभरात 1 ते 50 अंक म्हणेल'. वर्षभर ती काही म्हणाली नाही. एकदा मिरजेच्या बाजारात गेले तर ही आईशेजारी कोथिंबिरीच्या जुड्या विकतीये, दहाची एक, वीसच्या दोन, पन्नासची नोट दिली तर तीस परत. मी तिथेच लाजले. तिला काय येतं हे मी तिच्या आईला विचारलंच नव्हतं. म्हणून ताई, तो घरी काय काय करतो, कोंबड्यांना दाणे टाकतो, द्राक्षाच्या क्रेट मोजतो, जे असेल ते लिहून शाळेत द्या, अगदी वहीच्या पानावर चालेल.

प्रश्न : मी द्विशिक्षकी शाळेत शिक्षक आहे, माझ्याकडे दोन वर्ग. चौथीतली एक मुलगी तोंडी सगळं सांगते पण वाचायला दिलं की अडकते, जोडाक्षर आलं की गप्प. विशेष शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा येतात. आराखडा मी कसा करू? (पाटण तालुका)

सर, तुमची अडचण खरी आहे. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय, पण डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर चार शाळांत चार मुलं असतात, तिथे एकाच माणसाला फिरावं लागतं. म्हणून आराखडा तुमच्या रोजच्या पंधरा मिनिटांत बसेल एवढाच करा. मोठा केलात तर ऑगस्टपर्यंत तो कपाटात जाईल.

पहिल्यांदा ती कुठे अडते ते पकडा, नुसतं 'वाचन' म्हणून सोडू नका. आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो असं आपण म्हणतो खरं, पण 'मिरज' बघा, बोलताना म आधी आणि इ नंतर, लिहिताना मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे. 'पर्व' म्हणताना र व च्या आधी येतो आणि लिहिताना व च्या डोक्यावर जाऊन बसतो. एकट्या र चीच सोंगं मोजा, पर्व, चक्र, ट्रक, सुऱ्या. ज्या मुलाचा मेंदू अक्षर आणि आवाजाची जोडी हळू लावतो त्याला हे सगळं एकदम म्हणजे आषाढातला घाट.

माझा आवडता मार्ग एसटीच्या पाट्यांचा आहे. 'फलटण'ला काना नाही मात्रा नाही, चार सुटी अक्षरं. मग नुसत्या कान्याचे 'सातारा', 'कराड', 'पाटण' (सातारा हे नाव तर या मुलांसाठीच ठेवल्यासारखं आहे). ते जमलं की 'वाई', 'मिरज', 'सांगली'. जोडाक्षर त्यानंतर, 'कोल्हापूर', मग 'महाबळेश्वर', आणि 'अजिंक्यतारा' जमला त्या दिवशी वर्गात कंदी पेढा वाटा, पैसे मी देते. कार्डं दुसरी मुलंच करतील. रोज दहा कार्डं, तिने किती बरोबर वाचली ते तारखेसह वहीत टाकायचं, ती वही हाच तुमचा पुरावा. उद्दिष्ट लिहा, 'दिवाळीपर्यंत पहिल्या वेलांटीचे दहापैकी आठ शब्द न अडखळता'. विशेष शिक्षक आले की वही दाखवा, मग ते पंधरा दिवसांतल्या त्या एका तासात पुढची पायरी सांगतील, नाहीतर तो तास माहिती विचारण्यातच जातो.

आणि दोन गोष्टी. सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. इतिहास, परिसर अभ्यासाचं तोंडी विचारा, ती सांगते असं तुम्हीच लिहिलंय. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडतं त्याचं, प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत शक्यतो देत नाहीत, ही चौथीत आहे म्हणजे तपासणीला पाठवायला हरकत नाही, पण कार्डं त्यासाठी थांबवू नका. कार्ड वाचायला कुठलं प्रमाणपत्र लागतंय.

प्रश्न : गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा आहे, आम्ही तमिळनाडूत चाललोय. मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालीवर ताबा कमी), दुसरीत. इथला आराखडा तिथे चालेल का? (खानापूर तालुका)

दादा, जसाच्या तसा चालेल असं नाही, नवी शाळा नवा करेल, पण सोबत न्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, देशभर चालतं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 31 ने दिलाय, राज्य बदललं म्हणून तो जात नाही. भाषेची अडचण येणारच, तेव्हा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, तो पेन्सिल कशी धरतो, कसा बसतो, जेवतो कसा. खुर्चीची उंची मोजून लिहा, पाय जमिनीला टेकायलाच पाहिजेत, लोंबकळत्या पायांनी हात स्थिर राहत नाही. रॅम्पची गरज असेल तर एकास बारा उतार सांगा, सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. लोक दोन फुटांची घसरगुंडी करतात आणि वर फोटो काढतात.

प्रश्न : मुलगी नववीत, अध्ययन अक्षमता आहे. दहावीला सवलत घ्यावी का? ती म्हणते मैत्रिणी हसतील. (कराड)

घ्यावी, पण निर्णय तिचा होऊ द्या, तिला न विचारता फॉर्म भरू नका. कायद्यातच जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी आहेत. केंद्राच्या सूचनांत ताशी किमान 20 मिनिटं जादा आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला तासभर. प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, सातारा-सांगली दोन्ही तिथेच, त्यामुळे मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा, प्रमाणपत्र जुनं असेल तर ते चालणार का तेही बघून घ्या.

पण सगळे एक गोष्ट विसरतात. लेखनिकाला सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. मनातलं उत्तर वाक्य करून, विरामचिन्हासकट, दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने सांगायचं, ही सवय नसेल तर परीक्षेच्या दिवशी पोर घाबरतं आणि लेखनिक तोंडाकडे बघत बसतो. म्हणून नववीच्या आराखड्यात लिहून घ्या, प्रत्येक घटक चाचणीतला एक प्रश्न सांगून लिहवून घ्यायचा. मैत्रिणींचं म्हणाल तर चष्मा लावून पेपर देणाऱ्याला कुणी हसत नाही, तिला हे एकदा तिच्याच भाषेत सांगून बघा. नाही पटलं तर नुसता जादा वेळ घ्या, लेखनिक सोडा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम). इंग्रजी शाळा म्हणते सोबत बसायला बाई तुम्ही ठेवा, पगार तुम्ही द्या, नाहीतर काढून न्या. (सांगली)

आजी, 'काढून न्या' हे ते लेखी देणार नाहीत, म्हणून तुम्हीच लेखी विचारा. शाळा खाजगी असली तरी मान्यता असेल तर कलम 16 लागू होतं, भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोय ही त्यांची जबाबदारी आहे. उत्तर आलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, महापालिका हद्दीत असाल तर तिथला शिक्षण विभाग, आणि वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त.

पण भांडणाआधी आठवडाभर एक करा. नातू नेमका कधी रडतो, पळतो ते वर्गशिक्षिकेला वेळेसकट टिपायला सांगा. बऱ्याचदा ते दिवसभर नसतंच, प्रार्थनेच्या स्पीकरला आणि डबा संपल्यावरच्या गोंधळात असतं. तसं निघालं तर पूर्ण दिवसाची बाई लागतच नाही, प्रार्थनेला शेवटच्या रांगेत दाराजवळ उभं करायचं, कानावर हात ठेवू द्यायचे, आणि डब्यानंतर काय ते चित्राच्या पट्टीवर दाखवायचं, हात धुणं, पाणी, चटई. पट्टी घरी तुम्हीच करा, त्याच्याच डब्याचा आणि चटईचा फोटो लावून, बाजारातली नको.